साडेसात माणसांची खूण

ज्या माणसानं स्वतःच्या लग्नात, अंतरपाट एका बाजूनं दोन बोटं खाली आलाय म्हणून मंगलाष्टकं थांबवली, त्या माणसाबरोबर मी न्हावऱ्याहून तुळजापूरला पायी गेलो. एवढं एक वाक्य सांगितलं की आमच्या भागातले लोक माझ्याकडं कळवळून बघतात आणि आधी चहा मागवतात. मी चहा पितो आणि मग बाकीचं सांगतो.

आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण टेप निवृत्त झाला नव्हता. तो डाव्या खिशात असायचा. उजव्या खिशात कागदाची छोटी वही, तिला ते 'फील्डबुक' म्हणायचे. डोक्यावर खात्यातलीच गोल टोपी. या वेषात ते दूध आणायला निघाले तरी वाटेतल्या चार बांधांवरची माणसं उठून उभी राहायची.

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा. लग्न, बारसं, सभा, वाढदिवसाचे फ्लेक्स. जिथं दोरी बांधायची तिथं मी. आमची ओळख एका लग्नातच झाली. आबा पाहुणे म्हणून आले आणि अक्षता घ्यायच्या आधी मांडवाला फेरी मारून आले.

"मंडप, तुमचा ह्यो खांब चार इंच बाहेर हाय."

"आबा, संध्याकाळी उतरवायचाच आहे."

"मंग संध्याकाळपातुर चुकीचाच ठिवायचा का?"

नवरदेव घोड्यावर, मी शिडीवर, आणि खांब चार इंच आत. त्या दिवसापासून मला त्यांच्या लेखी नाव उरलं नाही. मी 'मंडप'. भर बाजारात हाक मारायचे, "ओ मंडप!"

'अंदाजे', 'जवळपास', 'इथंच कुठंतरी' हे शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारले की आबा डोळे मिटून घ्यायचे. "अंदाज म्हंजी आळशी माणसाचा टेप," असं त्यांचं म्हणणं. लोकांना वाटायचं, हा माणूस दुसऱ्यांनाच छळतो. तसं नव्हतं. त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या रानाच्या मध्ये आबांची विहीर आहे. कुणी मागितली नसताना आबांनी एक दिवस आपलीच हद्द मोजली, आणि विहिरीचा कठडा भावाच्या रानात नऊ इंच गेलाय असं निघालं. भाऊ हात जोडून म्हणाला, "दादा, राहू द्या. मला नको ते नऊ इंच." आबा म्हणाले, "तुला नको आसंल. पर ते तुझं हाय." आणि पहार घेऊन कठडा तेवढा फोडला. आज ती विहीर तीन बाजूंनी गोल आणि एका बाजूनं सपाट आहे. नवीन सुना पाणी बघायला वाकतात तेव्हा त्यांना आधी हे सांगावं लागतं.

आता तुळजापूरचं. चार-पाच वर्षांपूर्वी आबा मोठ्या दुखण्यातून उठले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, देवीला नवस बोलला होता: माणूस उठला तर कोजागिरीला तुळजापूरला पायी येईन, घरच्या उंबऱ्यापासून तुझ्या शेवटच्या पायरीपर्यंत, मध्ये खंड न पडता. आबा उठले आणि काकूंचे गुडघे बसले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, चालू लागाल. काकू म्हणाल्या, "नवस डोक्यावर घिऊन मी त्या टेबलावर झोपायची न्हाई. आधी नवस, मंग गुडघा." आणि नवस फेडायला कोण जाणार? आबा. ते म्हणायचे, "आजारी मी, नवस हिचा, आन् पाय पुन्यांदा माझंच."

हे तीन वर्षं चाललं होतं. कारण काकूंनी बोलताना 'खंड न पडता' हे तीन शब्द घातले होते, आणि ते जगातल्या नेमक्या चुकीच्या माणसाच्या हातात पडले होते.

आबांची रीत अशी. पूर्वी साखळी टाकून जमीन मोजायचे तेव्हा साखळी जिथं संपली तिथं लोखंडी खुंटी ठोकायची आणि पुढची साखळी बरोबर त्याच खुंटीपासून टाकायची. मध्ये वीतभर जरी सुटलं तरी सगळी मोजणी बाद, पुन्हा पहिल्या खुंटीपासून. चालताना आबा तेच करायचे. संध्याकाळी मुक्कामाला थांबलो की रस्त्याच्या कडेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खुंटी ठोकायची, जवळच्या पुलापासून किंवा दगडापासून तिचं अंतर फील्डबुकात लिहायचं, आणि सकाळी उजवी टाच त्या खुंटीला लावून निघायचं. आणि काही चुकलं की परत न्हावरं.

पहिल्या वर्षी चौफुल्याच्या चौकात एका भल्या पोलिसानं दंडाला धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. पलीकडं गेल्यावर आबा म्हणाले, "ही तीन पावलं माझी नव्हती, त्यांची हुती," आणि घरी आले. दुसऱ्या वर्षी खुंटी वाळूच्या ढिगाच्या पायथ्याशी ठोकली होती. सकाळी ढीग खुंटीसकट कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेलेला. तिसऱ्या वर्षी भिगवणच्या पुढं पोचले, तिथं एका बैलानं त्यांना मागून ढकललं. "ते अंतर बैलाचं," म्हणून परत. प्रत्येक वेळी काकू दारात भिंतीला धरून उभ्या, आणि प्रत्येक वेळी ऑपरेशन पुढच्या वर्षावर.

चौथ्या वर्षी मी बरोबर निघालो. मी भाविक आहे असं नाही, पण असला तमाशा फुकट बघायला मिळणार असेल तर घरी बसणारा मी माणूस नव्हे. सामान आणि स्वयंपाकासाठी एक टेम्पो होता. तो चालवणारे आमचे मामा. गावात सगळेच त्यांना मामा म्हणतात. वाटेतली चारी ठाव जेवणं हा त्यांचा भक्तिमार्ग.

निघताना काकू उंबऱ्यात म्हणाल्या, "मंडप, ह्या वर्षी डाक्टरला दिवाळीनंतरचं सांगून ठिवलंय. ह्यांना माघारी आणलंस तर तुझ्या मांडवात पाय ठिवायची न्हाई." भिंतीला धरल्याशिवाय त्या कशातच पाय ठेवू शकत नव्हत्या. त्या हसल्या, मला काही हसू आलं नाही.

साधा माणूस दोन दिवसांत जेवढं चालेल तेवढं आम्ही आबांबरोबर तीन दिवसांत चाललो. तिसऱ्या संध्याकाळी चौफुल्याच्या पुढं, वरवंडच्या अलीकडं, एका वस्तीपाशी थांबलो. पुढचा दिवस विश्रांतीचा. मामांची सासुरवाडी भांडगावला, म्हणजे आम्ही चाललो होतो त्याच्या उलट्या दिशेला. पण तिथं कांदा साठवायची चाळ झोपायला रिकामी होती आणि पुरणपोळीचा शब्द आला होता. आबांनी सर्व्हिस रोडच्या कडेला खुंटी ठोकली, तिच्या दोन्ही बाजूंना टाचा ठेवून बसले, वही उघडली, आणि तेवढ्यात काकूंचा फोन आला. अर्धा तास बोलले. मग आम्ही टेम्पोत बसून भांडगावला गेलो.

विश्रांतीच्या दिवशी आबांची पावलं 'घरगुती' असायची, ती धरायची नाहीत. चाळीतून नळापर्यंत जाताना ते मोठ्यानं जाहीर करायचे, "ही घरगुती," म्हणजे देवीचा गैरसमज नको. दुपारी त्यांनी मामांच्या सासऱ्यांची चाळ मोजून ती एका टोकाला सहा इंच अरुंद आहे असं सांगितलं. जेवताना सासऱ्यांनी आबांच्या पोळीवर तूप वाढलं नाही.

पुढच्या सकाळी दिवस उगवायला टेम्पो त्या वस्तीपाशी आला. मामा म्हणाले, "आबा, आपुन चुकीच्या जागी आलो."

दोन दिवसांपूर्वी तिथं काढलेल्या बाजरीची नुसती धसकटं होती. आज तिथं आंब्याची बाग होती. हातभर उंचीची कलमं, काही तर प्लास्टिकच्या पिशवीसकट पुरलेली. शेजारी चार बांबूंवर एक गोठा, आत एक म्हैस, तिलाही हे नवीनच होतं. आणि रस्त्याच्या कडेला चाळीसेक माणसं. पुढं एक भरघोस मिशांचा गडी, हात जोडून.

"या सायेब, या. आमची कायबी तक्रार न्हाई. फकस्त बागायतीत धरा."

"काय धरा?" आबा म्हणाले.

"जमीन. जुनी बाग हाय."

मामांनी एक कलम पिशवीला धरून अलगद वर उचललं. "जुनी म्हंजी कालची का परवाची?"

हळूहळू उलगडा झाला. टोपीवाला म्हातारा टेप घेऊन आला आणि लाल-पांढरी खुंटी ठोकून गेला, एवढं एकानं बघितलं होतं. सकाळी वस्तीत बातमी होती की आठपदरी रस्ता येतोय. दुपारी रेल्वे झाली. दिवेलागणीला विमानतळ. ज्याच्या रानात खुंटी होती त्यानं घाबरून ती उपटली आणि शेजाऱ्याच्या रानात ठोकली. शेजाऱ्यानं पुढच्याच्या. पुढच्यानं त्याच्या पुढच्याच्या. मग कुणीतरी म्हणालं, अरे, सरकार मोबदला चांगला देतं म्हणे, बाग-गोठा असला तर जास्तच. तेव्हापासून तीच खुंटी प्रत्येकजण आपल्या रानात ओढायला लागला.

"मंग आता कुठाय?" आबांचा आवाज खोल गेला होता.

एक म्हातारी पुढं आली. "माज्याकडं हाय. शेरडी बांदलीया तिला. कुणाच्या वापरात दिसंना म्हून आनली."

"आजी, खुंटी ठिवा. मला तिचं भोक पायजे."

भोक आंब्याच्या बागेत नांगरलं गेलं होतं, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत.

आबांनी फील्डबुक काढलं. मी खांद्यावरून बघितलं. तीन वर्षांच्या सगळ्या पानांवर फूट, इंच, दगड, पूल. त्या संध्याकाळच्या पानावर लिहिलं होतं: 'पुलाच्या कठड्यापासून', आणि पुढं जागा कोरी. खाली एकच ओळ: 'ही म्हणते, जेवून घ्या.'

सगळ्या नोकरीत आबांनी एक आकडा लिहायचा सोडला, तो हा.

मामा म्हणाले, "आबा, चला की. इथंच कुठंतरी हुती."

आबांनी डोळे मिटले. "कुठंतरी ह्यो आकडा न्हाई, मामा." मग ते टेम्पोच्या पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. तीन वर्षांत बूट सुटणं याचा अर्थ एकच होता. "गाडी न्हावऱ्याकडं घ्या."

मी बाजूला जाऊन काकूंना फोन लावला. "काकू, आबा माघारी निघालेत."

 पलीकडं भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज आला. "स्पीकरवर टाक त्यांना."

टाकलं. चाळीस माणसं, एक म्हैस, सगळे ऐकायला लागले.

"आवो, ऐकताय न्हवं? मी डाक्टरला शब्द दिलाय."

"जागा गावंना. मी लिवलं न्हाई."

"माझ्याशी बोलताना कुठं बसला हुता?"

"खुंटीवरच. दोन टाचांच्या मधी खुंटी."

"मंग अर्धा घंटा मला काय सांगत हुता? समोरचा फ्लेक्सच सांगत हुता न्हवं? भाऊ का कोण, त्याच्या वाढदिवसाचा. म्हनला, खाली वळीत माणसं हायती, हितनं साडेसात दिसत्यात. आठव्याची उजवी मिशी तेवढी बाभळीभाईर हाय, बाकी तो आत. मी म्हनलं, मिशा मोजू नका, जेवून घ्या."

आबा उठून उभे राहिले. एक नाडी सुटलेली, एक बांधलेली.

"जबाब," ते म्हणाले. "मंडप, ह्यो जबाब हाय! साक्षीदार हाय!" त्यांनी दोन बोटं डोळ्यासमोर धरली. "डोळा, बाभळीचं खोड, मिशी. तीन टिपकं एका रेघंत. ती रेघ रस्त्याच्या कडंला जिथं कापती तिथं मी बसलो हुतो. दुसरीकडं बसूच शकत न्हाई!"

सगळ्यांनी बाभळीकडं बघितलं. बाभूळ होती. तिच्या पलीकडं लोखंडी चौकट होती. चौकटीत आभाळ होतं.

"फ्लेक्स?" मी विचारलं.

मिशीवाल्यानं गोठ्याकडं बघितलं. गोठ्याला छप्पर होतं, आणि छपरावर आभाळाकडं तोंड करून भाऊ आणि अकरा शुभेच्छुक हसत पडले होते.

"आठवा मी हाय," मिशीवाला म्हणाला. मग त्याचा चेहरा जरा पडला. "अर्धाच दिसत हुतो व्हय?"

"छप्पर काढा," आबा म्हणाले.

"आन् गोठ्याचं काय? उद्या मोजणी आली तर?"

"मोजणी न्हाई, रस्ता न्हाई, इमानतळ न्हाई. मी देवीला चाललोय."

"मोजणीवाला खरं कवा सांगतो?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि चाळीस माना हलल्या. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांचंच पटलं. टोपी, टेप, वही, खुंटी. एवढं सगळं घेऊन देवीला कोण जातं?

तेवढ्यात माझ्या हातातला फोन बोलला. "भाऊ, मी त्यांची मालकीण बोलतीया. त्यांना रिटायर हुन बारा वर्सं झाली. नवस माझा हाय. चार वर्सं मी भिताडाला धरून चूल करतीया. आज ते माघारी आलं तर आनिक येक वरीस. तुमची मिशी कशी हाय मला ठावं न्हाई, पर तेवढी वर टांगा."

मिशीवाला मिशीवरून हात फिरवत उभा राहिला. म्हातारी शेळीवाली त्याला म्हणाली, "टांग की मुडद्या. दुसऱ्या कुठल्या कामाला येनार हाय ती?"

छप्पर उतरलं. म्हैस उजेडात आली आणि तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. पण रात्रभर तिला उद्योग नव्हता. फ्लेक्सचा वरचा एक कोपरा तिनं चघळून टाकला होता, दोरी ओवायच्या भोकासकट. चौकटीवर अर्थातच मी चढलो. माझाच धंदा. चघळलेलं भोक नाही म्हणून मी शेजारच्या भोकात दोरी घातली आणि ओढून बांधली. बांधताना कळलं की सगळा फ्लेक्स वीतभर सरकलाय. खाली बघितलं. आबा एक डोळा मिटून तयार उभे होते, पन्नास वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्या दिवशी उभे असतील तसे. मामांच्या हातात फोन होता. मी गाठ मारली आणि गप्प खाली उतरलो.

मग जे झालं ते मी कुठल्याही सभेत बघितलेलं नाही. आबा रस्त्याच्या कडेनं आडवे सरकत होते, खेकड्यासारखे, आणि सगळी वस्ती त्यांच्या मागं एक डोळा मिटून सरकत होती.

"सहा!" "अजून!" "सात!" "सात आन् कान!" "कान नको, मिशी पायजे!" "मागं, मागं, आख्खा आला!" "आली! आली मिशी!"

"उजवी का डावी?" फोनमधून काकू.

"उजवी!" चाळीस माणसं.

"उजवीच म्हनला हुता."

आबांनी तिथं खुंटी ठोकली. म्हातारीनं शेळीच्या दोरीसकट दिली होती. नाडी बांधली, उजवी टाच लावली, आणि कुणाकडंही न बघता पूर्वेला चालायला लागले. मिशीवाला आणि पाच-सहाजण आमच्याबरोबर पाटसपर्यंत चालत आले. मिशीवाल्याला सारखं एकच विचारायचं होतं, की ती बाभूळ तोडली तर आख्खा दिसंल का.

हे सगळं ऐकणाऱ्याला काळजी लागून राहू नये म्हणून आत्ताच सांगतो: त्यानंतर कुणी पोलीस, बैल किंवा वाळूचा ढीग आडवा आला नाही. दिवाळीनंतर काकूंचा गुडघा झाला, आणि आता त्या डेअरीत दूध घालायला स्वतः जातात; आबांपेक्षा भरभर, कारण त्या मोजत नाहीत. त्या बागेतली आठ-दहा कलमं जगली म्हणे.

राहिली ती शेवटची पायरी. कोजागिरीच्या सकाळी तुळजापूरच्या गर्दीत आबा एकेक पायरी उतरत गेले. शेवटच्या पायरीवर उभं राहून त्यांनी काकूंना फोन लावला, "पोचलो" एवढंच म्हणाले, आणि पलीकडून रडल्याचा की हसल्याचा आवाज आला ते मला कळलं नाही. फोन ठेवला. मग खिशातून टेप काढला, पायाच्या मागं पायरीवर धरला, बोटानं खूण केली, उजवा पाय तेवढा मागं घेतला आणि पुन्हा पुढं ठेवला. मागचे लोक खोळंबले होते.

"हे काय, आबा?"

"नऊ इंच. राहिलं हुतं."

मी देवीच्या दिशेनं बघायला लागलो.

"बाभळ फ्लेक्सच्या आन् रस्त्याच्या बरोबर मधोमध हुती, मंडप," आबा शांतपणे म्हणाले. "फ्लेक्स वीतभर सरकला, म्हंजी मीबी वीतभर पुढं. वरती बांधताना तुमचा चेहरा बघितला मी."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत? एवढ्यासाठी तर तुम्ही तीन वर्षं माघारी गेलात."

आबांनी टेप गुंडाळून डाव्या खिशात ठेवला.

"ती फोनवर हुती," ते म्हणाले.